सॉफ्टवेअर रेडवर लिनक्स टाकलं पण बूटच होत नाही, तेव्हा काय बघायचं

दोन डिस्कची रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केली, इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत नीट गेलं आणि नेमकं ग्रब (लिनक्स चालू करून देणारा बूटलोडर) टाकताना एरर आला, किंवा सगळं झालं पण रिबूट केल्यावर नुसती काळी स्क्रीन, असं झालं असेल तर लगेच रेड मोडायला जाऊ नका. बहुतेक वेळा रेड धड असते, घोळ बूटच्या पार्टिशनमध्ये असतो. ही रेड जुळवतं लिनक्स, मदरबोर्डच्या फर्मवेअरला (बायोस किंवा यूईएफआय) त्यातलं काहीच कळत नाही, त्याला दोन सुट्या डिस्क दिसतात, म्हणून बूटचा पहिला टप्पा दोन्ही डिस्कवर वेगवेगळा टाकावाच लागतो.

आधी इन्स्टॉलर कुठल्या मोडमध्ये चालू झालाय ते बघा. शेल उघडून सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुना बायोस मोड.

बायोस मोड आणि जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) असेल तर ग्रबला बसायला १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं, ते फॉरमॅट करायचं नाही, माउंट करायचं नाही, रेडमध्ये तर अजिबात घ्यायचं नाही, फक्त दोन्ही डिस्कवर करायचं. मग ग्रब-इन्स्टॉल दोनदा चालवा, एकदा एसडीए आणि एकदा एसडीबी असं पूर्ण डिस्कचं नाव देऊन, एसडीए१ (पार्टिशन) नाही आणि एमडी० (रेड) पण नाही.

यूईएफआयमध्ये लोक जास्त अडकतात. ईएफआय पार्टिशन फॅट३२ असतं आणि ते फर्मवेअर स्वतः वाचतं. ते रेडमध्ये घेतलं तर एमडीॲडम (लिनक्सवर रेड करायचं टूल) वेगळं काही सांगितलं नसेल तेव्हा १.२ मेटाडेटा (रेडची स्वतःची माहिती) वापरतं, तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर लिहिला जातो आणि फाइलसिस्टिम त्याच्या पुढे सरकते, त्यामुळे फर्मवेअरला तिथे फॅट सापडतच नाही. १.० मेटाडेटा शेवटी असतो म्हणून तो चालतो, बरेच जण तसं करतातही, पण फर्मवेअरने एकाच डिस्कवर काही लिहिलं तर दोन कॉप्या वेगळ्या होतात आणि रेडला पत्ता लागत नाही, म्हणून मी तरी ते टाळायलाच सांगेन. त्यापेक्षा दोन्ही डिस्कवर ५१२ एमबीचं साधं ईएफआय पार्टिशन करा, पहिल्यातल्या फाइली दुसऱ्यात कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआर कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत दुसऱ्या डिस्कची एंट्री टाका. ग्रब अपडेट झालं की ही कॉपी पुन्हा करायची, हे लक्षात ठेवा. आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) ईएफआयच्या ओळीला नोफेल (सापडलं नाही तरी पुढे जा) लावाच, नाहीतर ती डिस्क गेली की उरलेल्या डिस्कवरून सिस्टिम चालू होते खरी पण माउंट सापडत नाही म्हणून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते.

कर्नल आणि इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टिम) ठेवायचं बूट पार्टिशन मात्र रेड १ वर खुशाल ठेवा, ग्रब २ ला १.२ मेटाडेटा वाचता येतो.

डिस्क जुन्या असतील आणि इन्स्टॉलरमध्ये एमडी१२७ असं कुठूनतरी आलेलं नाव दिसत असेल तर तो जुन्या रेडचा सुपरब्लॉक (डिस्कवर उरलेला तिचा मेटाडेटा) आहे. एमडीॲडमने ती रेड स्टॉप करा, मग तिच्या प्रत्येक पार्टिशनवर झिरो-सुपरब्लॉक चालवा, पण आत काही लागणारं नाही ना हे आधी दोनदा बघा.

ग्रब दिसतं पण पुढे इनिटरामएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकतं, असं असेल तर लाइव्ह यूएसबीवरून क्रूट करा (म्हणजे इन्स्टॉल केलेल्या सिस्टिममध्ये शिरा), एमडीॲडम डिटेल स्कॅनचं आउटपुट एमडीॲडमच्या कॉन्फ फाइलमध्ये टाका, आणि डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरामएफएस, फेडोरावर ड्रॅकट चालवून इनिटरामएफएस पुन्हा बनवा.

शेवटी टेस्ट, ही सोडू नका. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) रीसिंक (दोन्ही डिस्क सारख्या करणं) पूर्ण होऊन दोन्ही यू (म्हणजे दोन्ही डिस्क चालू) दिसले की मशीन बंद करा, एक डिस्क काढा, बूट करा. झालं तर ती डिस्क परत लावून रेडमध्ये ॲड करा, आणि रीसिंक पुन्हा पूर्ण झाल्यावरच दुसरी काढून बघा, त्याआधी काढली तर हातात अर्धवट कॉपीच उरेल.