गाडीची बॅटरी बदलायच्या आधी हे बघून ठेवा

नेरूळला आमच्या सोसायटीत गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांची गाडी स्टार्टच होईना, आणि मेकॅनिक फोनवर म्हणाला, बॅटरी बदलली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, प्रोग्राम करावा लागेल, त्याचे अडीच हजार वेगळे. काका पैसे द्यायला तयारही झाले होते, म्हणून हे सगळं लिहितोय. नेहमीच्या गाड्यांत असलं काही लागत नाही. ईसीयूचा प्रोग्राम फ्लॅश मेमरीत असतो, वायर काढली म्हणून तो पुसला जात नाही. जातं काय, तर घड्याळ, रेडिओची स्टेशनं, खिडकीचं एका टचवर वर-खाली होणं आणि इंजिनने चालता चालता शिकलेली आयडलिंगची (गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्याची) बारीक अ‍ॅडजस्टमेंट. ही अ‍ॅडजस्टमेंट गाडी आपली आपण परत शिकते.

पण आधी तुमची गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. बीएमडब्ल्यू, ऑडीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये नवीन बॅटरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून गाडीत रजिस्टर करावी लागते, नाहीतर ती जुनीच बॅटरी आहे असं समजून गाडी चार्जिंग करत राहते आणि नवीन बॅटरी लवकर जाते. हे रजिस्ट्रेशन झालं, रिप्रोग्रामिंग नाही, थोड्या वेळाचंच काम आहे. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर जुन्या बॅटरीवर ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीचे बॅटरीचे प्रकार) लिहिलंय का ते वाचा आणि तीच घ्या, साधी बॅटरी तिथे टिकत नाही. लेबलचा फोटो काढूनच दुकानात जा. 38बी20एल असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातलं शेवटचं एल की आर चुकलं तर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचतच नाही.

म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा, जुन्या गाड्यांत मॅन्युअलबरोबर कार्ड मिळायचं. एक काच खाली ठेवा आणि चावी खिशात ठेवा, बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक लागलं तर चावी आत आणि आपण बाहेर असं होतं. इग्निशन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग 10 चा पाना घ्या आणि आधी निगेटिव्ह काढा, नंतर पॉझिटिव्ह, लावताना बरोबर उलटं, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

आणि एक गोष्ट मेकॅनिकला आधीच ठामपणे सांगा: इंजिन चालू ठेवून बॅटरी काढायची नाही. जुने मेकॅनिक मेमरी जाऊ नये म्हणून तसं करतात, पण चालू इंजिनवर बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू खरोखर उडू शकतो. म्हणजे ज्याला अडीच हजारही लागणार नव्हते, ते खरोखरच काही हजारांचं काम होऊन बसतं. सेटिंग जपायचीच असतील तर ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटला) लावायचा मेमरी सेव्हर मिळतो.

खाडीकाठच्या दमट हवेमुळे आपल्याकडे टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते, बॅटरी काढलेलीच आहे तर कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने जुन्या टूथब्रशने वायरचे क्लॅम्प घासून कोरडे करा, शेवटी थोडं व्हॅसलीन.

नवीन बॅटरी लावल्यावर एसी बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता दहाएक मिनिटं गाडी तशीच चालू ठेवा, आयडलिंग वर-खाली झालं तरी घाबरू नका. मग पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर एक चक्कर मारा. खिडकी पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बटण दोनेक सेकंद धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत एका टचचं सेटिंग परत येतं, नाही आलं तर मॅन्युअल बघा. स्टेअरिंगचा किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या सिस्टीमचा) दिवा लागला असेल तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि थोडं सरळ चालवा, बहुतेक जातो. एवढं करूनही इंजिनचा दिवा राहिला तरच स्कॅनर लावा, आणि मेकॅनिकला बिघाडाचा नेमका कोणता कोड आला ते लिहून मागा. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना साधारण 12.6 आणि चालू असताना 13.8 ते 14.7 व्होल्ट दिसायला हवेत. जुनी बॅटरी दुकानदाराला परत देताना तिचे पैसे बिलात कमी झालेत का बघा, आणि वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या.