वजनाच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या, आणि त्यातही बी-१२

धाकट्या जावेच्या बायपासची (हृदयाची नव्हे, वजनासाठी जठरावर करतात ती) तारीख ठरली आहे. तिच्यासाठी वहीत उतरवायला बसले आणि वाटलं, ज्यांच्या घरी कुणाचं बेरियाट्रिक ऑपरेशन व्हायचंय त्या सगळ्यांनाच हे कळायला हवं. माझी बायपास २०१९ च्या दिवाळीनंतर झाली. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना दम लागेना. आणि एप्रिल २०२२ मध्ये भर दुपारी भाजी घेऊन घरी येताना मागून एका मुलाने हाक मारली, "काकू, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल वीस-पंचवीस पावलं मागे पडली होती. तापलेल्या डांबरावरून मी अनवाणी चालत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. घरी येऊन पाहिलं तर टाचेला फोड आला होता. तोही दुखत नव्हता.

ती बी-१२ या व्हिटॅमिनची कमतरता होती. लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद झाला, बी-१२चं महिन्याचं एक इंजेक्शन चुकलं, मग दुसरं चुकलं, आणि तब्येत छान वाटत होती म्हणून मी ते पुन्हा सुरूच केलं नाही. त्यामुळे खाली बी-१२ वारंवार येईल. दर वेळी वाचा.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासा. शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन हे सगळे करतातच. फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), फोलेट आणि बी-१२ हे कागदावर लिहिलंय का, ते मात्र स्वतः बोट ठेवून बघा. वजन जास्त असलेल्यांचं डी पुष्कळदा आधीच कमी असतं. शाकाहारी माणसाचं बी-१२ काठावर असतं, कारण धान्य, डाळी, पालेभाज्या यांत ते नसतंच. दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळतं. आमचं घर माळकरी, म्हणजे माझ्या वाट्याला फक्त दूध आणि ताक. वर कित्येक वर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिननेही बी-१२ उतरतं. तुम्हीही शुगरची तीच गोळी घेत असाल तर डॉक्टरांना तसं आठवणीने सांगा. आणि रक्त देण्याआधी ताकदीचं म्हणून कुणी बी-१२चं इंजेक्शन देत असेल तर थांबवा. इंजेक्शननंतर आकडा फुगलेला येतो आणि खरी स्थिती कळत नाही.

खरेदी डिस्चार्जच्या आधीच करून ठेवा. घरी आल्यावर पहिले आठ दिवस मेडिकलमध्ये जाण्याची ताकद नसते आणि घरातला माणूस चिठ्ठी दाखवून मिळेल ते घेऊन येतो. मल्टिव्हिटॅमिन सुरुवातीला चावून खाण्याचं किंवा पातळ. लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या गमीज नकोत, त्यांत बहुधा लोह नसतं आणि इतरही बरंच कमी असतं. कॅल्शियम मागताना ‘सायट्रेट’ हा शब्द उच्चारा. नुसतं ‘कॅल्शियम’ म्हटलं की कार्बोनेट हातात पडतं. ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि आपल्या ऑपरेशननंतर तेच कमी झालेलं असतं. शिवाय पाकिटाची मागची बाजू वाचा. १००० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम नव्हे, त्यात खरं कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅम असतं. मांसाहार न करणाऱ्यांनी कॅप्सूल घेताना विचारावं, मऊ कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. गोळी किंवा सॅशे मागा.

आणि बी-१२ वेगळं घ्या. मल्टीच्या डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं म्हणून फसू नका, मी तिथेच फसले. माझ्या डब्यावर २.२ मायक्रोग्रॅम होतं. निरोगी माणसाची रोजची गरज तेवढीच, मग मला का पुरू नये, असा माझा हिशेब. तो चुकला कुठे ते नीट समजून घ्या. जठरात एक घटक तयार होतो, तो बी-१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतो आणि तिथे ते रक्तात उतरतं. बायपासनंतर अन्न जठराच्या त्या मोठ्या भागात जातच नाही. स्लीव्ह या वजनाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढूनच टाकलेला असतो. त्या घटकाच्या मदतीशिवाय तोंडाने घेतलेल्या बी-१२पैकी शंभरातला एखादाच भाग आपोआप आत झिरपतो. म्हणून तर ऑपरेशन झालेल्यांसाठी रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, असं प्रमाण सांगितलेलं असतं. कुठे २.२ आणि कुठे १०००! तुम्हाला गोळी की इंजेक्शन ते डॉक्टर ठरवतील. पण दोन्हींपैकी एक ठरल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड घेऊन बाहेर पडू नका.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतला सगळ्यांत मोठा धोका उलट्यांचा. एखादा घास घाईने गिळला की उलटी होते, ती वेगळी. दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल तर घरी बसू नका. बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठतं. ते संपलं की डोळ्यांना दोन-दोन दिसतं, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि उशीर झाला तर मेंदूची ती इजा भरून येत नाही. अशा वेळी जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं तर अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाईन लावतात. थायमिन न देता आधी ग्लुकोज गेलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. सोबतच्या माणसाने तिथे स्पष्ट म्हणायचं, "यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या." मोबाईलच्या मागे चिठ्ठी चिकटवा. अतिशयोक्ती वाटली तरी चिकटवा.

आता रोजचं वेळापत्रक. सगळ्यांचा घोळ होतो तो इथे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये किमान दोन तास. लोह चहाबरोबर नाही, चहाच्या आधी नाही, लगेच नंतरही नाही, कारण चहा ते अडवतो. आपल्याकडे उठल्याबरोबर चहा लागतो, मग लोहाला सकाळ मिळत नाही. मी लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याच्या दोन घोटांबरोबर घेते. पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं, ते मल्टीतून भागतं का ते बघा. कॅल्शियम दिवसाला आहार धरून १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६००च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून. माझं एक अकराला आणि एक संध्याकाळी पाचला, मधलं वाटीभर दह्यातून. थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे, आणि तिच्यानंतर चार तास लोह-कॅल्शियम काही नाही. डीचं ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक असतं, रोज नव्हे! माझ्या माहितीतल्या एका बाईंनी ते महिनाभर रोज दुधातून घेतलं आणि कॅल्शियम वाढून त्यांना ॲडमिट व्हावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले की थांबायचं आणि पुढचं विचारायचं.

उपवासाच्या दिवशी गोळ्या चुकवू नका. गोळीने उपवास मोडत नाही. साबुदाण्याने प्रोटीन मिळत नाही, हेही त्याच ओघात सांगते.

बी-१२चं काय केलंत? गोळी असेल तर ती डब्याच्या कुठल्या खणात आहे? इंजेक्शन असेल तर तारीख कुठे लिहिली आहे? मोबाईलचा गजर मी बंद करून टाकायचे, म्हणून आता माझं इंजेक्शन दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला असतं. एकादशी मला लहानपणापासून कधी चुकली नाही. तुमच्या घरात जे कधीच चुकत नाही, पगाराचा दिवस, गॅसचा नंबर, संकष्टी, त्याला बी-१२ जोडून टाका. दवाखाना बंद असेल तर दुसऱ्या दवाखान्यात जा. तोही बंद असेल तर फोन करून गोळी लिहून घ्या. पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. लिव्हरमध्ये बी-१२चा साठा असतो, त्यामुळे चुकवलं तरी महिनोन्‌महिने काहीच होत नाही. होत नाही म्हणूनच आपण निर्धास्त राहतो.

तपासण्या तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि मग दर वर्षी, जन्मभर. रिपोर्ट हातात आला की ‘नॉर्मल’ ऐकून परतू नका. वर्षाच्या तपासणीत माझं बी-१२ २१४ आलं होतं. लॅबची खालची मर्यादा २००, म्हणून शेजारी खूण नव्हती आणि कुणी काही बोललं नाही. हिमोग्लोबिनही १२च्या वर. मी लोहाबरोबर फॉलिक ॲसिड घेत होते, त्याने रक्त ठीक राहिलं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहिलं. आकडा २०० ते ३००च्या मध्ये असला की पुढची तपासणी मागा, होमोसिस्टीन किंवा एमएमए (मिथाइलमॅलोनिक ॲसिड); बी-१२ कमी पडलं की हे रक्तात वाढतात. आणि शरीराकडे लक्ष ठेवा. पायाच्या बोटांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसराळूपणा. मला सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना झोक जायचा, मी नळ धरायचे आणि चक्कर म्हणून सोडून द्यायचे. डोळे मिटल्यावर तोल जातोय ना, मग उद्याच रक्त द्या. मला पुढे दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शनं घ्यावी लागली. चालणं सुधारलं. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे पुन्हा येतात. आधी प्रोटीन आणि फेरिटिन बघा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, थायरॉइडचे आकडे चुकतात. झिंक एकटं महिनोन्‌महिने खाऊ नका, त्याने कॉपर उतरतं. कॉपर कमी झालं तरी पाय असेच बधिर होतात. आम्ल कमी करणारी, ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस नको, तिनेही बी-१२ कमी होतं. बायपासनंतर अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, अल्सर होतो.

मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा आणि आधी सगळ्या गोळ्या डॉक्टरांकडून बदलून घ्या, विशेषतः व्हिटॅमिन ए.

दुसऱ्या वर्षापासून कुणी फोन करून विचारत नाही. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या.

परगावी जाताना लागतील त्याहून चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, त्याही बॅगेत नाही, पर्समध्ये. बी-१२ची तारीख प्रवासात येत असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेऊन टाका. परत आल्यावर नको.