कॅमेरा, टीव्ही, स्मार्ट प्लग वेगळ्या वायफायवर कसे हलवावेत

स्वस्त वायफाय कॅमेरा हॅक झाला तर फार तर कोणी हॉल बघेल, असं अनेकांना वाटतं. पण ज्या नेटवर्कवर कॅमेरा आहे, त्याच नेटवर्कवर बँकेचे व्यवहार करणारा तुमचा लॅपटॉपही आहे. ‘अँटीव्हायरस टाका’ हा सल्ला इथे कुचकामी, कारण कॅमेऱ्यात तो टाकताच येत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने घालून दिलेल्या साठेक यूजरनेम-पासवर्डांच्या जोरावर. उपकरण बंद करून चालू केलं की मिराई पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा.

राउटरचं सेटिंग पान उघडा (पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो), ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

आता गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय. कॅमेरे, प्लग आणि टीव्ही त्यावर हलवायचे. बहुतेक जण इथेच हात टेकतात, कारण एकेक उपकरण नव्या नावावर जोडताना अख्खा रविवार जातो. म्हणून उलटं करा. आधी मुख्य वायफायला नवं नाव आणि नवा पासवर्ड द्या, मग जुनं नाव आणि जुना पासवर्ड गेस्ट नेटवर्कला द्या. लहान-मोठी अक्षरं, मधली स्पेस, सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे. कॅमेरे, प्लग आणि टीव्ही आपोआप गेस्टवर जातील. लॅपटॉप, फोन आणि प्रिंटर तेवढे नव्या नावावर घ्या, आणि फोन-लॅपटॉपमधून जुनं नाव ‘फरगेट’ करा, नाहीतर ते गुपचूप तिकडेच जाऊन बसतात.

एखादं उपकरण जोडलं गेलं नाही, तर दोन गोष्टी बघा. बरेचसे प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि काही राउटरवर गेस्ट नुसतं ५ गिगाहर्ट्झवर चालू असतं. दुसरं म्हणजे, गेस्टच्या सेटिंगमध्ये वायफायची सुरक्षा (सिक्युरिटी) डब्ल्यूपीए३ असेल तर ती डब्ल्यूपीए२ करा. जुना पासवर्ड म्हणजे तुमचा मोबाइल नंबर असेल, किंवा अर्ध्या सोसायटीला तो पाठ असेल, तर मात्र ही युक्ती वापरू नका. तिथे रविवार घालवावाच लागेल.

गेस्टच्या सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क ॲक्सेस’सारखा पर्याय असतो. तो बंदच हवा, नाहीतर नेटवर्क नावापुरतंच वेगळं. खात्री करायला फोन थोडा वेळ गेस्टवर घ्या आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाका. पान उघडलं तर भिंत उभीच राहिलेली नाही. फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं आता बंद पडेल. त्यासाठी टीव्ही परत मुख्य नेटवर्कवर आणू नका, टीव्हीतलंच ॲप वापरा. पुढे नवं उपकरण जोडताना फोन तेवढ्यापुरता गेस्टवर न्यावा लागतो. तरीही ते सापडलं नाही तर ‘एपी आयसोलेशन’ (एकाच वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) पाच मिनिटं बंद करा आणि आठवणीने परत चालू करा.

राउटरला गेस्टची सोयच नसेल तर ‘जुना राउटर मागे (म्हणजे मुख्य राउटरला केबलने) जोडा आणि त्यावर कॅमेरे टाका’ असं सर्रास सांगतात. हे साफ चूक आहे. मागच्या राउटरवरचं उपकरण पुढच्या राउटरच्या नेटवर्कपर्यंत पोचू शकतं, पुढच्याला मात्र मागे सहसा शिरता येत नाही. म्हणून लॅपटॉप आणि फोन मागच्या राउटरवर घ्या, कॅमेरे पुढच्यावर राहू द्या. मागचा राउटर राउटर मोडमध्येच हवा. ॲक्सेस पॉइंट (नुसतं पुढच्याच नेटवर्कचं वायफाय देणारा) केलात तर दोन्ही नेटवर्क पुन्हा एक होतात. केबलने जोडलेल्या डीव्हीआरलाही हाच उपाय, कारण गेस्ट वायफायचा लॅन पोर्टशी सहसा संबंध नसतो.

राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना इंटरनेटच्या बाजूने स्वतःहून पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडू देणारी सोय) बंद करा, राउटर रीस्टार्ट करा, पोर्ट फॉरवर्डिंगची (हाताने उघडलेल्या पोर्टांची) यादी रिकामी करा. ‘पोर्ट उघडल्याशिवाय बाहेरून दिसणार नाही’ असं इन्स्टॉलर म्हणाला तर ऐकू नका. हल्लीच्या बहुतेक डीव्हीआरचं ॲप पोर्ट न उघडता चालतं.

मात्र ते ॲप कोणाच्या खात्यावर आहे ते बघा. कित्येकदा डीव्हीआर इन्स्टॉलरच्याच नंबरवर नोंदलेला असतो आणि तुम्हाला नुसता ‘शेअर’ मिळालेला असतो. पैसे चुकते करण्याआधी त्याच्या खात्यातून तो काढायला लावा, क्यूआर कोड स्वतःच्या फोनवरून स्कॅन करा, मग डीव्हीआरमधला ॲडमिन पासवर्ड बदला आणि अनोळखी यूजर उडवा.