बोटीवरचं टेबल

आमच्या शिडाच्या बोटीवरचं प्लास्टिकचं घडीचं टेबल मुंबईच्या उन्हात पांढरं पडलं होतं. हात फिरवला की भुकटी लागायची, आणि बिजागरीपाशी वीतभर चीर. आधी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा रेझिनचा गोंद) जोडलं, आठवड्यात सुटलं. सुटणारच! या पॉलिइथिलीन प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही, हे दुकानदाराने सांगितलं, तेही नंतर.

पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा टेबलाची जुनी फळी साचा म्हणून ठेवून १२ मिमीचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) कापला. घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. खरी मेहनत कडांची. पाणी शिरतं ते तिथूनच, म्हणून कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात दिले. स्क्रूची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली, घट्ट झाल्यावर त्यातच बारीक भोकं पाडली. वरून ऊन सोसणारं व्हार्निश, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे; ३०४ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत तांबूस डाग सोडतं.

वजन वाढल्यामुळे जुना पाय आता डुगडुगतो. तो पुढच्या पावसाळ्यात बघू. चहाचे कप घसरू नयेत म्हणून कडेला सागवानी पट्टी मारली, ती मात्र पहिल्याच दिवशी कामी आली.