शाळेच्या नेटवर्कमधली पत्त्यांची वाटणी

शाळेत नेटवर्क बसवायचं तर मी आधी कागद घेतो, राउटर नंतर. लॅबमध्ये ४० संगणक, ऑफिसात १२ आणि १६ कॅमेरे असतील, तर १९२.१६८.१०.०/२४ हा आयपी पत्त्यांचा (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला लागणाऱ्या क्रमांकांचा) गट पुरून उरतो. तिरप्या रेघेनंतरचा आकडा गटाचा आकार सांगतो: आकडा मोठा, तेवढा गट लहान. १९२.१६८.१.० मी टाळतो. बऱ्याच घरच्या राउटरवर तेच असतं आणि घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून शाळेच्या नेटवर्कात येणारी खासगी वाट) जोडलं की पत्ते एकमेकांत अडकतात.

वाटणी मोठ्या गटापासून करा. इथून पुढे पत्त्याचा शेवटचा आकडाच लिहितो. लॅबला .०/२६: वापरता येणारे पत्ते ६२, मास्क (गटाचा तोच आकार यंत्राला सांगणारी संख्या) २५५.२५५.२५५.१९२. ऑफिसला .६४/२७, कॅमेऱ्यांना .९६/२७: प्रत्येकी ३०, मास्क २५५.२५५.२५५.२२४. .१२८ पासूनचा अर्धा भाग मोकळाच राहू द्या, शाळा वाढतेच. गेटवे (गटातून बाहेर जायचं राउटरचं दार) .१, .६५ आणि .९७.

ऑफिसचा प्रिंटर .६६ वर कायमचा ठेवा आणि डीएचसीपीला (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीला) .७५ ते .९४ एवढंच द्या. नाहीतर प्रिंटरचा पत्ता एखाद्या लॅपटॉपला जातो आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांची छपाई अडते.

कळकळीने सांगतो, नुसते सबनेट (पत्त्यांचे हे गट) वेगळे केल्याने कॅमेरे सुरक्षित होत नाहीत. मुलांची चित्रं असतात त्यांत. स्विचवर (यंत्रांच्या तारा जिथे जोडतात त्या पेटीवर) तिन्हींचे व्हीलॅन (एकाच स्विचवरची आभासी वेगळी नेटवर्क) वेगळे करा आणि लॅबकडून कॅमेऱ्यांकडे जाणारी वाट राउटरवर बंद करा. मग लॅबमधल्या संगणकावरून एखाद्या चालू कॅमेऱ्याला, समजा .१०० ला, पिंग करा (उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवा). उत्तर आलं तर नियम अजून लागलेला नाही.