पूर्णांकावरून सर्पिलातला बिंदू थेट काढा

(०,०) पासून सुरू होऊन शंकरपाळ्याच्या आकाराच्या, एकाबाहेर एक कड्यांतून पूर्णांकी बिंदूंना ०, १, २… असे क्रमांक देत जाणाऱ्या सर्पिलात न-वा बिंदू काढायला शून्यापासून लूप फिरवत बसायची गरज नाही. क्रमांक ० म्हणजे (०,०). तो आधीच वेगळा काढा, नाहीतर पुढे ऋण संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येईल.

१. बिंदू मध्यापासून कितव्या कड्यात आहे ते: क = (√(२न−१) + १) / २. वर्गमूळ आणि भागाकार दोन्ही पूर्णांकी.
२. त्या कड्यातला कितवा (शून्यापासून मोजून): म = न − २क(क−१) − १
३. बाजू = म / क (पूर्णांकी भागाकार), ट = म % क (म्हणजे उरलेली बाकी)
४. बाजू ० ते ३ साठी अनुक्रमे (क−ट, ट), (−ट, क−ट), (ट−क, −ट), (ट, ट−क).

न = १० घेतलं तर क = २, म = ५, बाजू २, ट = १, म्हणजे (−१,−१).

वर्गमूळ दशांशात काढू नका. छोट्या आकड्यांना चालतं, पण मोठ्या क्रमांकांना नेमकं कड्याच्या सीमेवर चुकतं आणि ती चूक शोधणं महाकर्मकठीण.