ओढ्यावरची वीज : पाइपात हरवलेला दाब

ओढ्यावर छोटं टर्बाइन बसवलं, पण हिशोबाएवढी वीज येईना. पाणी पाइपात शिरतं तिथपासून टर्बाइनपर्यंतची उंची २० मीटर. ऐन उन्हाळ्यात, धार सर्वांत बारीक असताना, २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८१ × उंची २० × पाणी ५ म्हणजे साधारण ९८० वॅट. त्यातले निम्मे जरी हाती आले तरी पुष्कळ.

टर्बाइनच्या तोंडाशी प्रेशर गेज लावला. व्हॉल्व्ह बंद असताना काटा २ बारजवळ (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब). उघडला की १.२ वर. म्हणजे ८ मीटर उंची जुन्या ६३ मिमी पाइपाच्या घर्षणातच जात होती! ९० मिमीचा पाइप टाकला, आणि चालू टर्बाइनवरही काटा १.८ च्या वर राहू लागला. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, पाइपात नको.

ओढ्यातलं पाणी पाइपात शिरतं त्या तोंडावर तिरकी जाळी हवीच, पालापाचोळा आपोआप घसरून जातो.

आणखी एक, फार महत्त्वाचं. बॅटरी भरली म्हणून टर्बाइनचा लोड (त्याची वीज घेणारी जोडणी) एकदम तोडू नका, ते भन्नाट वेगानं फिरतं. जादा वीज पाणी तापवायच्या हीटरकडे वळवा.